इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया अ‍ॅप करताना आधी काय: संहिता, चित्रं की कोड?

निशिगंध
नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या गटानं एक काम अंगावर घेतलंय. 'आपल्याला ऐकू कसं येतं' या विषयावर शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्टिव्ह अ‍ॅप करायचं आहे. ते ब्राउझरमध्ये चालेल आणि तेच एका विज्ञान प्रदर्शनात टचस्क्रीनवर लागेल. आवाजाची लाट कानात शिरते, पडदा हलतो, त्यामागची तीन हाडं हलतात, शंखाकृती कॉक्लियात लाट उठते, तिथल्या केसपेशी मज्जातंतूला निरोप देतात. हा सगळा प्रवास मुलांनी स्वतः हाताळत बघावा, अशी कल्पना.

घोडं अडलंय सुरुवातीलाच. विषयतज्ज्ञांनी भलीमोठी टिपणं दिलीत आणि त्यातलं काहीच गाळू नये असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रॅमर म्हणतो, मला आधी काहीतरी चालवून बघू दे. चित्रकार मैत्रिणीनं तर कॉक्लियाचं सुरेख रंगीत चित्र करायला घेतलंयसुद्धा.

माझं मत असं: संहिता शेवटच्या वाक्यापर्यंत पक्की करावी, तिच्यावरून स्टोरीबोर्ड (दृश्यांची कच्ची चित्रमालिका), मग चित्रं आणि निवेदन, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमिंग. माहितीपट असाच बनतो. इथे हा क्रम चालेल का? ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खटपट्या
नाही चालणार. माहितीपटात पुढचं दृश्य काय हे तुम्ही ठरवता, इथे ते मूल ठरवतं. त्यामुळे 'आपण काय सांगणार' हा पहिला प्रश्नच नाही. 'मूल पडद्यावर काय करणार आणि त्यावर पडदा काय उत्तर देणार' हा पहिला प्रश्न. त्या कृतीची यादी करा. ओढणं, दाबून धरणं, फिरवणं, आवाज बदलून बघणं, हाड काढून टाकून बघणं. यादीत नुसतं 'पुढे' बटणच उरलं तर सरळ व्हिडिओ करा, तो स्वस्तात होईल आणि चांगला होईल.

फक्त_वाचक
छान विषय. वाचतोय.

जुनी_सीडी
सीडी-रॉमच्या काळात मी हेच काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

तेव्हा तंत्राच्या मर्यादाच नियोजन करायला भाग पाडायच्या. सीडीवर जागा साधारण ६५० एमबी. पहिल्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला १५० केबी वाचायचा. ६४० बाय ४८० आकाराचा, सेकंदाला २५ चौकटींचा रंगीत व्हिडिओ न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवला तर सेकंदाला २३ एमबी खातो. म्हणजे आख्ख्या सीडीवर अर्ध्या मिनिटाचाही मावत नाही! कॉम्प्रेशन आलं तरी व्हिडिओची खिडकी १६० बाय १२० एवढीच असायची. शिवाय ड्राइव्हला सीडीवरच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला चांगलाच वेळ लागायचा. म्हणून एका दृश्यात लागणाऱ्या फाइली तबकडीवर शेजारीशेजारी याव्यात यासाठी आम्ही वेगळा तक्ता करायचो. १९९३ साली आलेला 'मिस्ट' हा खेळ बघा. बहुतांशी स्थिर चित्रं, त्यांना आवाजाची जोड, आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाणं. तो बांधला होता अ‍ॅपलच्या १९८७ सालच्या हायपरकार्ड या साधनावर. मर्यादेतूनच त्याची शांत शैली आली आणि ती लोकांना भावली.

दुसरी गोष्ट साधनांची. मॅक्रोमीडियाच्या डायरेक्टरमध्ये रंगमंच, पात्रांची यादी आणि काळपट्टी असायची. त्यात काम करणारा माणूस नकळत चित्रपटासारखा विचार करायचा. ऑथरवेअरमध्ये आकृत्यांची साखळी जोडत जायची, त्यामुळे सगळं धड्यासारखं व्हायचं: माहिती, प्रश्न, बरोबर, चूक, पुढे. आजच्या गेम इंजिनात बसलेला माणूस पहिल्या दिवसापासून वस्तू ढकलून, आपटून बघतो. तेव्हा प्रोग्रॅमरला हात लावू द्या, पण साधन कोणतं हे नक्की करण्याआधी खटपट्या म्हणतात ती कृतीची यादी कागदावर हवीच.

तर्कट
वरच्या दोन्ही प्रतिसादांशी निम्माच सहमत.

'आधी चालवून बघू' हे ऐकायला मोकळं वाटतं, पण गटात पाच माणसं असली की प्रत्येक जण आपापल्या मनातलं अ‍ॅप बनवत बसतो. चित्रकार आडवा पडदा धरून काढते, प्रोग्रॅमर फोनवर उभा धरून बघतो, लेखक गृहीत धरतो की मूल सगळं वाचेल. लेखी आराखडा नसेल तर हे फरक शेवटच्या आठवड्यात उघडे पडतात. धागाकर्तीचा आग्रह योग्य आहे. संहिता म्हणजे नुसतं निवेदन असं न मानता, प्रत्येक पडद्यासाठी काय दिसतं, काय ऐकू येतं, काय दाबता येतं, दाबल्यावर काय होतं, काहीच दाबलं नाही तर काय होतं, असे रकाने असलेला दस्तऐवज करा. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात.

खटपट्या
@तर्कट, शेवटचा रकाना एकदम मान्य. पण कागदावर 'लाट ओढता येते' असं लिहिलं म्हणून ती ओढताना मजा येईल की कंटाळा, हे कागद सांगत नाही. ते हातालाच कळतं.

मायक्रोफोन
ध्वनिमुद्रण हा माझा पेशा, आणि तुमचा विषयच आवाज. त्यामुळे राहवत नाही.

१. निवेदन सर्वात शेवटी मुद्रित करा. तोवर गटातल्याच कुणाच्या तरी आवाजात कच्चं ध्वनिमुद्रण करून ते अ‍ॅपमध्ये लावा. वेळ कळतो, लांबलेली वाक्यं कानाला खटकतात. मुलांसमोर चाचणी घेतल्यावर निम्मी वाक्यं बदलतात, आणि तेव्हा व्यावसायिक निवेदकाला पुन्हा बोलावणं खर्चाचं असतं. बोलावलंच तर तोच माइक, तेच अंतर आणि तीच खोली हवी, नाहीतर जोडलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. खोलीची शांतताही मिनिटभर मुद्रित करून ठेवा, दोन वाक्यांमध्ये भरायला लागते.

२. निवेदनात 'खाली उजवीकडचं बटण दाबा' असलं काही नको. फोनवर ते बटण डावीकडे गेलेलं असेल. 'कानाचा पडदा हलवून बघ' म्हणा, तो कुठे आहे हे चित्र दाखवेल.

३. प्रत्येक वाक्य वेगळी फाइल.

४. आता तुमच्या विषयाचं. माणसाला ढोबळमानानं २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, तेव्हा तुमच्याकडे कंप्रता (लाट सेकंदाला किती वेळा हलते ते) बदलायची सरकपट्टी असणारच. ती साध्या मोजमापानं केलीत तर पट्टीचा अर्धा भाग १०,००० हर्ट्झच्या पुढे जाईल, आणि माणसाचं बोलणं, गाणं, दाराची कडी असं ओळखीचं सगळं डावीकडच्या टोकाला चेपून बसेल. कान दुपटीच्या हिशेबानं ऐकतो. २० पासून दुप्पट करत गेलात की दहा पायऱ्यांत २०,४८० येतात. त्या दहा पायऱ्यांना पट्टीवर सारखी जागा द्या.

५. पट्टीवरचा स्वर फाइलमधून वाजवू नका. १२८ केबीपीएसची एमपीथ्री केली तर बहुतेक एन्कोडर साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचं कापून टाकतात. मूल म्हणेल मला ऐकू आलं नाही, आणि मुळात ते फाइलमध्येच नसेल. ब्राउझरमधलं वेब ऑडिओ स्वर जागच्या जागी तयार करतं, ते वापरा. स्वर चालू-बंद करताना आवाज एकदम तोडू नका, हळू चढवा आणि हळू उतरवा, नाहीतर दर वेळी 'टक्' ऐकू येतं. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वात तीक्ष्ण असतो, तिथे पातळी खाली आणा, नाहीतर मुलं दचकतील.

६. टॅबलेटच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४० हर्ट्झ येत नाही. प्रदर्शनात हेडफोन लावा, आणि त्यांचा आवाज वरून मर्यादित करा. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांच्या २०१९ च्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरली आहे.

निशिगंध
बाप रे, किती माहिती! सरकपट्टीचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. आजच प्रोग्रॅमरला हा प्रतिसाद पाठवते.

अजून एक शंका. एका भागात मुलांनी बिघाड करून बघायचे आहेत: कानात मळ साठला, पडद्याला भोक पडलं, हाड घट्ट झालं, मोठ्या आवाजानं केसपेशी मेल्या. प्रत्येक वेळी काय ऐकू येईल ते वाजवायचं. याचा फ्लोचार्ट करायला बसले आणि फांद्या कागदाबाहेर गेल्या. हे कसं आवरायचं?

वाटाड्या
हे दुखणं जुनंच आहे. दर वळणावर दोनच पर्याय ठेवले तरी दहा वळणांनंतर १,०२४ शेवट होतात, आणि तिथवरची सगळी दृश्यं मोजली तर २,०४७. कुणीही एवढं चित्रित करत नाही.

१९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमाट' नावाचा प्रयोग झाला होता. चित्रपट मध्येच थांबायचा, सूत्रधार रंगमंचावर यायचा, आणि प्रेक्षक खुर्चीवरची लाल किंवा हिरवी कळ दाबून पुढे काय व्हावं ते ठरवायचे. रचना अशी की दोन्ही फांद्या पुढच्या मतदानापर्यंत पुन्हा एका जागी येऊन मिळायच्या. म्हणून चित्रीकरण आवाक्यात राहिलं. गोष्ट सांगणारी अ‍ॅप आजही बहुधा असंच करतात. वाट फुटते, परत मिळते, आणि मधे काय निवडलं ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) टिपून ठेवलं जातं.

पण तुमचं काम गोष्टीचं नाहीच. तुमचे चार बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. चार खटके समजा, प्रत्येक चालू किंवा बंद. एकूण १६ स्थिती होतात. त्यासाठी १६ फाइली मुद्रित करायची गरज नाही. मूळ आवाज एकच ठेवा आणि प्रत्येक खटक्यामागे एक फिल्टर लावा. मळ आणि हाड घट्ट होणं यांत आवाज आत पोचायलाच अडथळा असतो, त्यामुळे सगळं दबकं ऐकू येतं. मोठ्या आवाजानं झालेल्या इजेत आधी साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झचा भाग जातो. फ्लोचार्ट फाडून टाका आणि खटक्यांचा तक्ता करा, एका पानात मावेल.

तर्कट
@वाटाड्या, उत्तम. आणि बघा, हा तक्ता कागदावरच सुचला, कोडमध्ये नव्हे. :)

एकतारी
मला एका कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्यात श्रवणयंत्र आहे. धाग्याचा विषय बघून लिहायलाच हवं असं वाटलं.

पहिली गोष्ट, वाटाड्या यांचे फिल्टर चांगले आहेत, पण केसपेशी गेल्यावर आवाज नुसता बारीक होत नाही. आवाज येतो, शब्द कळत नाही. 'स', 'श' यांची ताकद वरच्या कंप्रतेत असते, ती गेली की 'साप' आणि 'ताप' सारखेच ऐकू येतात. लोक मोठ्यानं बोलतात आणि तरी कळत नाही, मग त्यांना वाटतं हिचं लक्ष नाही. मुलांना हे कळलं तर तुमच्या अ‍ॅपनं फार मोठं काम केलं. म्हणून त्या भागात संगीत किंवा शिट्टी न वाजवता माणसाचं बोलणं वाजवा, आणि 'काय म्हटलं ते निवड' असं विचारा. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, हेही तिथेच सांगा.

दुसरी गोष्ट. कानावरचं अ‍ॅप ऐकू न येणाऱ्या मुलाला वापरता आलं नाही तर कसं वाटेल विचार करा. निवेदनाला मथळे (बोललेली वाक्यं पडद्यावर लिहिलेली) सुरुवातीपासून हवेत, शेवटी चिकटवलेले नकोत, कारण मग त्यांना पडद्यावर जागाच उरत नाही आणि ते नेमके महत्त्वाच्या चित्रावर येतात. पट्टी सरकवल्यावर स्वर वाजतो तेव्हा लाटेचं चित्रही बदलू द्या. आणि काहीही फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या कानात ठेवू नका. माझ्यासारखीला ते अस्तित्वातच नसतं. आवाजाची दिशा शिकवायचीच असेल तर सोबत चित्रात दाखवा.

मायक्रोफोन
@एकतारी, शेवटच्या मुद्द्यासाठी मनापासून आभार. दोन्ही बाजू एकत्र करून मोनोमध्ये ऐकून बघण्याची पायरी आमच्या तपासणीत असते, पण तिच्यामागचं कारण इतकं थेट कुणी सांगितलं नव्हतं.

खटपट्या
+१. डब्ल्यूसीएजीची (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची) तरतूद पण बघून ठेवा: मजकूर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट प्रमाण किमान ४.५ ला १, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही नको. हे पाळायला सुरुवातीला काहीच पडत नाही, शेवटी मात्र सगळे रंग बदलावे लागतात.

पेन्सिल
चित्रकाराची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. तुमच्या मैत्रिणीचा हात थांबवा, पण प्रेमानं!

इंटरॅक्टिव्हसाठी चित्र काढायचं म्हणजे सुटे भाग काढायचे. कानाचा पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं, प्रत्येकी वेगळ्या थरावर. आणि एखादं हाड बाजूला केलं की त्याच्या मागचं दिसतं, तेही पूर्ण रंगवलेलं हवं. कोणतं हाड कुठल्या बिंदूभोवती डुलतं तो बिंदूही आखून द्यावा लागतो. एकसंध सुंदर चित्राचे असे तुकडे नंतर करता येत नाहीत, पुन्हा काढावं लागतं. म्हणून आधी करड्या रंगाचे नुसते आकार द्या, प्रोग्रॅमर ते हलवून बघेल, कुठले भाग सुटे लागतात ते नक्की होईल, मग रंग.

बटणासारख्या प्रत्येक गोष्टीची सगळी रूपं एकदम काढा: नेहमीचं, दाबलेलं, बंद असलेलं, आधी बघून झालेलं. माउस वर नेल्यावर उजळणारं रूप टचस्क्रीनवर दिसतच नाही. तेव्हा 'हे दाबता येतं' हे स्थिर चित्रातूनच कळायला हवं.

प्रमाणाचा प्रश्न तर तुमच्या विषयात मोठाच आहे. कर्णनलिका अडीच सेंटिमीटरच्या आसपास, रिकीब ३ मिलिमीटर, केसपेशी सूक्ष्मदर्शकाखालची. आत आत जाताना मुलाला आपण किती लहान झालो हे कळायला कोपऱ्यात अख्ख्या कानाचं छोटं चित्र आणि त्यावर एक ठिपका कायम ठेवा. केसपेशींची प्रत्यक्ष हालचाल नॅनोमीटरांत असते, ती तुम्ही कैक पटींनी फुगवून दाखवणार. तसं तिथे स्पष्ट लिहा.

उंबरठा
प्रदर्शनातल्या टचस्क्रीनचं थोडंसं.

तिथे कुणी पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. आधीचं मूल अर्धवट सोडून गेलेलं असतं. काही सेकंद कुणी स्पर्श केला नाही तर 'अजून आहेस का?' विचारून अ‍ॅपनं आपणहून मूळ जागी यायला हवं. रिकाम्या वेळात बोलावणारं दृश्य चालू ठेवा, पण त्यात आवाज सतत नको, शेजारी काम करणारी माणसं वैतागतात. दोन-तीन मुलं एकदम हात लावतात, तेव्हा दोन बोटांनी पान मोठं होणं आणि दाबून धरल्यावर येणारा मेन्यू, दोन्ही बंद करा. वीज जाऊन आली की कुणी पासवर्ड घालायला येणार नाही. यंत्र चालू होऊन थेट अ‍ॅपपर्यंत पोचलं पाहिजे. इंटरनेटवर अजिबात अवलंबून राहू नका, सगळ्या फाइली यंत्रातच ठेवा. महत्त्वाच्या गोष्टी पडद्याच्या वरच्या कडेला नकोत, लहान मुलाचा आणि चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही.

खटपट्या
आणि ब्राउझरचं विसरू नका. क्रोमसकट बहुतेक ब्राउझर वापरणाऱ्यानं एकदा तरी स्पर्श केल्याशिवाय आवाज वाजू देत नाहीत. क्रोममध्ये हे २०१८ पासून आहे. म्हणून पहिल्या पडद्यावर 'सुरू कर' असं मोठं बटण ठेवा. ते नियमासाठी आहे असं वाटूच द्यायचं नाही. मुलानं चित्रातला कानाचा पडदा टिचकीनं वाजवला आणि आवाज सुरू झाला, अशी सुरुवात किती छान होईल!

निशिगंध
@खटपट्या, ही सुरुवात आम्ही घेतली म्हणून समजा.

@पेन्सिल, मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, सुट्या भागांचं आधी कुणी सांगितलंच नाही. आता करड्या आकारांवर आलीय.

विषयतज्ज्ञांच्या टिपणांचं काय करू? ते ज्येष्ठ आहेत, मनापासून काम करतायत, त्यांना दुखवायचं नाहीये.

वाटाड्या
त्यांना 'हे गाळा' म्हणू नका. 'अ‍ॅप बंद केल्यावर मुलाला काय करता किंवा सांगता यायला हवं?' असं विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. उदाहरणार्थ, 'उंच स्वर कॉक्लियाच्या सुरुवातीला आणि खालचे स्वर टोकाला लाट उठवतात, हे मूल बोट ठेवून दाखवेल.' अशी चार-पाच वाक्यं झाली की टिपणांतला प्रत्येक परिच्छेद त्यातल्या कोणत्या वाक्याला धरून आहे हे तेच बघतील. जे कशालाच धरून नसेल ते 'अजून वाचायचंय?' या दुसऱ्या थरात जाईल. बेकेशी या शास्त्रज्ञांनी मृतांच्या कॉक्लियात ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं, ही गोष्ट त्या थरात शोभून दिसेल. तज्ज्ञांचं ज्ञान वाया जात नाही, नुसती जागा बदलते.

अक्षरमाळ
चाचणी किती मुलांवर घ्यायची यावर कुणी बोललं नाही. निल्सन आणि लँडाउअर या वापरसुलभतेच्या संशोधकांच्या १९९३ च्या कामापासून पाच जणांचा आकडा प्रसिद्ध आहे. पाच जण वापरताना बघितले की सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात.

तर्कट
तो आकडा एका गृहीतकावर उभा आहे: एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी लागतात. मुलांचं वय वेगवेगळं असेल, काहींना वाचता येत नसेल, तर ते गृहीतक तसंच लागू होत नाही. मला त्यातला दुसरा सल्ला जास्त मोलाचा वाटतो. एकदम पंधरा जणांवर एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या घ्या आणि मधे सुधारणा करा.

वाटाड्या
सहमत. आणि मुलांना जोडीनं बसवा. एकट्या मुलाला 'मनात काय आलं ते बोल' म्हटलं तर ते गप्प होतं. दोघं असली की आपोआप भांडतात: 'अरे ते नको, हे ओढ!' तेच आपल्याला ऐकायचं असतं. मोठ्यांनी मधे बोलायचं नाही, हात मागे बांधून उभं राहायचं.

जुनी_सीडी
अवांतर, पण महत्त्वाचं. हे अ‍ॅप किती वर्षं चालावं असं वाटतं?

बीबीसीनं १९८६ साली डूम्सडे प्रकल्प केला होता. मूळ 'डूम्सडे बुक', म्हणजे इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याची नोंदवही, १०८६ चं, त्याला ९०० वर्षं झाली म्हणून. लाखो लोकांनी माहिती, चित्रं, नकाशे दिले आणि ते सगळं लेझरडिस्कवर गेलं. १०८६ चं हस्तलिखित आजही वाचता येतं. लेझरडिस्क वाचणारी यंत्रं मात्र वीस वर्षांच्या आतच दुर्मिळ झाली आणि सगळं वाचवण्यासाठी संशोधकांना वेगळा प्रकल्प करावा लागला. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली, ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. त्या दोन्हींत लोकांनी जीव ओतून केलेली कामं आज सहज उघडत नाहीत, याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

म्हणून मजकूर कोडमध्ये किंवा चित्रात कोरू नका. सगळी वाक्यं एका साध्या तक्त्यात ठेवा, अ‍ॅपनं ती तिथून उचलावीत. भाषांतर करायचं झालं तर तोच तक्ता कामी येतो (भाषांतरात वाक्य लांबतं, बटणात मोकळी जागा ठेवा). आवाजाच्या मूळ वेव्ह फाइली, थरांसकटची चित्रं आणि तक्ता नीट जपलात, तर उद्या तंत्र बदललं तरी अ‍ॅप पुन्हा बांधता येईल.

मायक्रोफोन
निवेदक, संगीत आणि फॉन्ट यांच्या परवानग्याही त्याच फोल्डरात. 'वेब, प्रदर्शन आणि पुढची आवृत्ती' हे तिन्ही वापर आधीच लिहून घ्या. संगीताची मुदत संपली म्हणून चालू असलेलं अ‍ॅप काढून घ्यावं लागतं, असं होतं.

उंबरठा
थोडं मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी संहिता की आधी कोड यावर खटपट्या आणि तर्कट यांचं भांडण मला खोटं वाटतं. कुठली गोष्ट बदलायला किती पडतं, त्यावर क्रम ठरवा. चित्रीकरण, व्यावसायिक निवेदन, रंगवलेली चित्रं, संगीताचे करार बदलायला महाग, म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी कागदावर शेवटच्या ओळीपर्यंत पक्के. पट्टी कशी सरकते, हाड कसं डुलतं, बटण कुठे आहे हे बदलायला स्वस्त. ते पहिल्या आठवड्यापासून कच्च्या रूपात चालवून बघा. आराखडा लिहा, पण चाचणीनंतर बदलायचाच आहे असं धरून लिहा.

खटपट्या
मान्य. भांडण मागे घेतो.

तर्कट
मीही. पण शेवटचा रकाना राहू द्या.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती कळवते.

आम्ही पुठ्ठ्यावर कान काढला, हाडं कापून सुटी ठेवली आणि मुलांना जोडीनं बसवलं. प्रोग्रॅमर पट्टीबरोबर स्वर वाजवत होता आणि कॉक्लियावर हातानं ठिपका सरकवत होता. आम्ही 'पुढे' असं लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती, तिला कुणी हातच लावला नाही. सगळ्या जोड्यांनी आधी रिकीब उचलली आणि 'आता ऐकू येईल का?' असं विचारलं. आमच्या आराखड्यात हाडं काढून बघणं हा अगदी शेवटचा भाग होता. आता तो सुरुवातीला येतोय, आणि तीन हाडांचं काम काय हे ती गेल्यावर काय होतं त्यातून कळेल.

विषयतज्ज्ञ स्वतः मागे उभे राहून बघत होते. घरी जाऊन त्यांनीच टिपणांची पाच वाक्यं करून पाठवली.

@एकतारी, बोलणं ओळखायचा भाग आम्ही ठेवतोय. 'साप' आणि 'ताप' तुमचेच. अजून अशा जोड्या सुचवाल का? आणि पहिली चालणारी आवृत्ती झाली की बघून द्याल का? तुमचं मत सगळ्यात आधी हवंय.

एकतारी
नक्की बघते. मथळे चालू करून एकदा आणि यंत्र काढून ठेवून एकदा, अशी दोनदा बघेन. जोड्यांसाठी 'सार' आणि 'तार', 'शाल' आणि 'ताल' चालतील. बोलणारा आवाज एक बाईचा आणि एक पुरुषाचा घ्या. मला स्वतःला त्यांत खूप फरक पडतो.

मायक्रोफोन
त्या जोड्या मुद्रित करताना दोन्ही शब्द एका दमात, एकाच सुरात म्हणून घ्या आणि नंतर वेगळे कापा. नाहीतर मुलं अक्षर न ऐकता सुरावरूनच ओळखतील.